जंगल कुणाचे आणि गाव कुणाचे?

जंगल वाचवायचे असेल तर आदिवासींना बाहेर काढा, असे शहरात बसून सांगणाऱ्यांची या देशात वाण नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळल्या गेलेल्या कुटुंबांना हटविण्याचा आदेश दिला. देशभर असंतोष उसळल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. पण मूळ प्रश्न कायम आहे. जंगल उजाड केले कुणी?

१९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झाले. विदर्भातील मिश्र जंगल तोडून तेथे सागाच्या रांगा लावण्यात आल्या. साग म्हणजे सरकारी तिजोरीत पैसा. परंतु भूमिहीन माणसाचे वर्ष सागावर निघत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, मग चारोळी आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात वास्ते व रानभाज्या, हिवाळ्यात आवळा, हिरडा, बेहडा. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची शेती हीच! जंगलातील एकेक जात नष्ट होते, तेव्हा या माणसाच्या वर्षातला एकेक महिना उपाशी जातो. म्हणून वनस्पतींची विविधता हा निसर्गप्रेमींचा छंद नसून पोटाचा प्रश्न आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडायला २०११ उजाडले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, रोपे मरतात, हे ओळखून या गावाने हाती येणारा तेंदूचा पैसा सोडला आणि बांबूवर उपजीविका उभी केली. जंगलाचा एक भाग तर कायमचा राखून ठेवला. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांनी हे शहाणपण दाखविले!

मात्र येथेच आपण सावध असले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांचा बुरखा फाडला होता. 'गावाचे जंगल' म्हटले, तरी गाव म्हणजे नेमके कोण? कायद्यानुसार गावातील प्रत्येक प्रौढ व्यक्ती ग्रामसभेची सदस्य आहे. पण ज्या मिश्र वस्तीच्या गावात पाणवठाही वेगळा होता, तेथे बांबूचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो काय? आदिवासी नसलेल्या वनाश्रितांना वैयक्तिक हक्कासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या दलित कुटुंबाने १९३० सालचा कागद कोठून आणायचा?

म्हणून लढाई दुहेरी आहे. वनखात्याच्या जमीनदारीविरुद्ध आदिवासी बांधवांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि ग्रामसभेत आपली जागा हक्काने घ्यायची. कार्यकर्त्यांनी आपल्या गावाचा सामूहिक दावा दाखल झाला की नाही, हे आधी पाहावे. ग्रामसभेला निम्मे गाव आणि त्यात एक तृतीयांश महिला हजर असल्याच पाहिजेत, असा नियम आहे. तो पाळायला लावावा. जंगलात सर्व झाडांना जागा हवी, तशी ग्रामसभेत सर्व माणसांना हवी. एकाच जातीची ग्रामसभा एकाच जातीच्या जंगलाइतकीच पोकळ असते.