तात्या विंचूची लाज कशाला?

आवडता मराठी चित्रपट कोणता, असं चारचौघांत विचारलं की ‘श्वास’, ‘कोर्ट’, ‘फँड्री’ ही नावं पटापट निघतात. गप्पा रंगल्या की मग कुणीतरी हळूच ‘धडाकेबाज’मधल्या बाटलीतल्या गंगारामचा विषय काढतं आणि सगळेच खुलतात. प्रसंग न् प्रसंग पाठ असतो. तरीही सुरुवात व्हायची ती ‘तसा फालतूच आहे, पण...’ अशी.

ही माफी कुणाकडे मागितली जाते?

गोंदिया जिल्ह्याच्या खेड्यांत ती कुणी मागत नाही. दिवाळी सरते, धान कापून होतं आणि अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी, देवरीकडच्या गावांत मंडई म्हणजे गावजत्रा भरू लागते. रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे या भागातल्या लोकरंगभूमीचं, नाटक असतं. त्यासाठी वडशाच्या नाटक कंपन्यांची गाडी येते. जेवणंखाणं आटोपल्यावर उघडलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. थंडीत शाली-चादरी लपेटून आख्खं घर बसलेलं असतं. मंचावर सुनेचा छळ सुरू झाला की बाया पदरानं डोळे पुसतात. पुढच्या प्रवेशात विनोदी नट आला की त्याच बाया खदखदून हसतात. मध्येच लावणी होते, शिट्ट्या पडतात, वन्समोअर मिळतो. भडक, अतिरंजित, बटबटीत हे समीक्षकांचे शेरे या मंडपात फिरकत नाहीत. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आदल्याच वर्षी तृषांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’ चित्रपटातून हे जग मोठ्या पडद्यावर आणलं.

तथाकथित फालतू चित्रपट पाहायचे कसे, हे शिकावं तर या प्रेक्षकाकडून. तो रडतो तेव्हा खरंच रडतो.

दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ 1971चा. त्यांच्या चित्रपटांवर अश्लीलतेचा शिक्का बसला आणि अनेक सुशिक्षित घरांत त्यांचं नाव दबक्या आवाजात घेतलं जाऊ लागलं. पण दादा आले होते वगातून. ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांनी गावोगाव गाजवलं होतं. शब्द कुठे तोडायचा, निरागस चेहरा किती वेळ धरून ठेवायचा, हे त्यांना समोरच्या हजारोंनी शिकवलं. ही कमाई मान खाली घालून सांगण्याची नाही.

‘झपाटलेला’चंही तसंच. 1993च्या या चित्रपटाची, बाहुल्यात शिरलेल्या खलनायकाची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या 1988च्या हॉलीवूडपटाशी जुळते, हे खरंच आहे. मात्र महेश कोठारे यांनी तिला अस्सल इथली केली. तात्या विंचू हे नाव, दिलीप प्रभावळकरांचा खलनायक, बाबा चमत्कारचा मंत्र आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी, हे सगळं इथल्याच मातीतलं. तात्या विंचूच्या बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांची कारागिरी होती. डोळे गरकन फिरतात, जबडा हलतो, मान वळते, आणि संगणकाच्या करामतीविना पोरं अंथरुणात पाय आखडून घेतात. तीस वर्षांनंतरही ती भीती टिकून आहे. असं काम फालतू कसं म्हणायचं?

अलीकडे मोठ्या शहरांत दुसरीच तऱ्हा रुजली आहे. कांती शाह यांचा ‘गुंडा’ (1998) किंवा अमेरिकेतला ‘द रूम’ (2003) लावायचा आणि बनवणाऱ्यांची खिल्ली उडवत पाहायचा. त्यातही धमाल असेल, पण ही वरच्या पायरीवरून खाली पाहण्याची मजा आहे आणि ती लवकर संपते. याउलट, मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी ‘शोले’चा मालेगावी अवतार काढला, तेव्हा गावानं तो आपला म्हणून पाहिला. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आणि 2025 मध्ये प्रदर्शित झालेला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ मनाला भिडतात ते यामुळेच. त्यांत मालेगावकरांची कीव केलेली नाही.

लाजेपोटी नुकसानही होतं. ज्या चित्रपटाला आपणच मान देत नाही, त्याची चांगली प्रत कोण सांभाळणार? त्यातल्या तंत्रज्ञांना बोलतं कोण करणार? गोंदियातल्या महाविद्यालयांनी चित्रपट दाखवताना सत्यजित राय यांच्या जोडीला ‘धडाकेबाज’ आणि ‘झपाटलेला’ही ठेवावेत. चर्चेला झाडीपट्टीचा एखादा विनोदी नट बोलवावा. पहाटे तीन वाजता पेंगुळलेल्या मंडपाला पुन्हा हसवायचं कसं, हे त्याच्याकडून ऐकायला मिळेल.