अनुकरणानंतरचे शिक्षण

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिहोरा हे तालुक्याचे गाव आहे. अशा गावातील एखाद्या तरुणाला पडद्यावर अक्षरे नाचवण्याची, चित्रातून ठिणग्या उडवण्याची कला शिकावीशी वाटली, तर आज त्याला मोठ्या शहराची वाट धरावी लागत नाही. ही कला पायरीपायरीने शिकवणारे चित्रफितींचे धडे इंटरनेटवर उपलब्ध आहेत. शाळेची वाट अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी ही मोठीच सोय आहे. मात्र या सोयीत एक धोकाही दडलेला आहे, असे मला वाटते.

धड्यातील शिक्षक सांगतो, ‘येथे हा आकडा लिहा, तेथे ती कळ दाबा.’ विद्यार्थी तसे करतो आणि पडद्यावर हुबेहूब तेच दृश्य साकारते. आपल्याला विद्या आली, असे त्याला वाटू लागते. पण उद्या कोणी उसळणारा चेंडू दाखवायला सांगितला, की त्याचा हात थबकतो. चेंडूची वरची आणि खालची जागा ठरवून दिली, की मधली चित्रे संगणक भरून काढतो, हे त्याला ठाऊक असते. तरीही चेंडू निर्जीव वाटतो. कारण संगणकाने त्याला प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने सरकवलेले असते. खरा चेंडू खाली येताना वेग घेतो, वर चढताना मंदावतो आणि प्रत्येक उसळीला थोडा कमी उंच जातो. हे कळण्यासाठी अंगणात चेंडू टाकून तो निरखावा लागतो. धड्यातल्या आकड्यांचा अर्थ तेव्हा उमगू लागतो.

स्वतःहून शिकणाऱ्याने धड्याचा उपयोग कसा करावा, याचे उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांनी घालून दिले आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेबांनी वयाच्या चाळिशीत मुंबईला ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि हीच कला आत्मसात करायचे ठरवले. ती शिकवणारी शाळा तेव्हा आपल्याकडे नव्हती. त्यांनी चित्रपटाची प्राथमिक माहिती देणारे इंग्रजी पुस्तक मिळवले. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम त्यांनी पाहिले.

परतल्यावर त्यांनी जे केले, ते विशेष विचार करण्याजोगे आहे. कुंडीत वाटाणा पेरून ते थोड्या थोड्या अंतराने त्याचे एकेक चित्र घेत गेले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. पुस्तकातील ज्ञान त्यांनी असे स्वतःच्या हाताने पडताळून पाहिले. त्या इवल्या रोपाने भांडवल देणाऱ्याचा विश्वासही मिळवून दिला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये प्रेक्षकांनी उडणारा हनुमान पाहिला.

दादासाहेब एकटेही नव्हते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकल्या. स्वयंशिक्षणालाही सोबत लागते, हे आपण विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याचे पोट हातावर आहे, त्याने असे प्रयोग कधी करायचे?’ हा प्रश्न खोटा नाही. दिवसभर राबून रात्री संगणकापुढे बसणाऱ्याला धडा कसाबसा पुरा होणे हेच पुष्कळ असते. परंतु पोटाचाच विचार केला, तरी उत्तर तेच येते. लग्नाची चित्रफीत करून घेणारे यजमान धड्यातील नमुना मागत नाहीत. त्यांना आपल्या मुलीचे नाव, आपले अंगण आणि आपल्या घरचा सोहळा हवा असतो. ते ज्याला जमते, त्यालाच पुन्हा काम मिळते.

म्हणून प्रत्येक धडा दोनदा करावा. पहिल्यांदा सांगितल्याप्रमाणे, तंतोतंत करावा. नवशिक्याने अनुकरण करण्यात कसलाच कमीपणा नाही. दुसऱ्यांदा मात्र धडा बंद करून, एखादी गोष्ट मुद्दाम बदलून करावा. काही बिघडेल, वेळ जाईल. जे बिघडले ते का बिघडले, हे शोधताना मनात जे पक्के होते, ते आयुष्यभर आपले राहते.