भिंती रंगतातच, मग हातही घडवा

धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत भिंती कोऱ्या राहत नाहीत. झेडपीची शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत. कुठे पाणी वाचवण्याची घोषणा, कुठे मुळाक्षरे, कुठे एखाद्या योजनेची माहिती. रंग येतो, मजुरी दिली जाते, बिल निघते. पण स्थानिक तरुण चित्रकारांना शिकवून, रीतसर मोबदला देऊन गावाची भित्तिचित्रे करून घ्या म्हटले की पहिला आक्षेप येतो: दुष्काळी जिल्ह्याला हे चोचले कशाला?

हा आक्षेप टिकत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा भित्तिचित्र उपक्रम श्रीमंतीच्या हौसेतून जन्मला नाही. शहरभर भिंती खरडणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी 1984 मध्ये महापालिकेने मोहीम काढली. तिथे चित्रकार जेन गोल्डन यांनी त्याच पोरांच्या हाती ब्रश दिले. आज त्या शहरात चार हजारांहून अधिक भित्तिचित्रे झाली आहेत, आणि तरुणांना पगारी उमेदवारीही मिळते.

‘तिकडचे इकडे चालत नाही,’ असेही म्हणतात. मग मुंबईकडे पाहावे. 1872 पासून चित्रकार-शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना कलाशाळेत भित्तिचित्रांचा खास वर्ग चालला, आणि 1920 च्या दशकाअखेरीस याच शाळेच्या चित्रकारांनी नवी दिल्लीच्या सचिवालयातली दालने रंगवली. शिकणाऱ्या हातांवर सरकारी इमारत सोपवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: दोन पावसाळ्यांत रंग उडतो. उडतो, कारण भिंत तयार न करताच तो चढवला जातो. जुने पोपडे खरवडायचे, ओल कुठून येते ते शोधून आधी ती बंद करायची, भेगा भरायच्या, पुट्टी-प्रायमर वाळू द्यायचे. मग खडूची पूड लावलेली दोरी ताणून चौकटी पाडायच्या आणि कागदावरचे चित्र चौकटीगणिक वाढवायचे. वर बाहेरच्या भिंतीसाठीचाच रंग हवा. हे कौशल्य उमेदवारीतच हाती बसते. म्हणजे हा आक्षेप प्रशिक्षणाच्या बाजूनेच बोलतो.

सगळ्यात घातक युक्तिवाद वेगळाच: ‘पोरांना संधी मिळते, पैसे कशाला?’

परांची बांधणाऱ्याला मजुरी मिळते, रंगाच्या दुकानदाराला पैसे मिळतात; आणि त्याच परांचीवर उन्हात आठवडाभर उभ्या राहणाऱ्या मुलीला मात्र प्रमाणपत्र! एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन, चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन जागेची वाट पाहणाऱ्यांना अशी फुकटची कामे देणे म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा अपमान आहे.

विषयांची तर इथे वाण नाही. रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर. तिथेच संत गोरोबाकाकांची समाधी आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा किल्ला, 1993 च्या भूकंपानंतर पुन्हा उभी राहिलेली उमरगा-लोहाऱ्याची गावे. काय रंगवायचे ते ग्रामसभेने ठरवावे. कसे रंगवायचे ते जाणत्या चित्रकाराने शिकवावे.

जिल्हा परिषदेने भिंती रंगवण्याच्या पुढच्या कामात तीन अटी घालाव्यात: स्थानिक उमेदवार, त्यांना शिकवणारा अनुभवी चित्रकार, आणि दर आठवड्याला थेट उमेदवाराच्या खात्यात मजुरी. सुरुवात तेरच्या एका शाळेपासून करावी.