वादळानंतरचं धुणं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्याकडे विजेचे खांब आडवे झाले. वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. चूल पेटली, कंदील निघाले. घोर लागला तो धुण्याचा. घरात अंथरुणाला खिळलेल्या दादी, भाभीचं तान्हं बाळ, आणि पाच वक्त नमाजेला पाक कपडे तर हवेतच.

पडल्या पडल्या दादीच आमच्या उस्ताद झाल्या. पहिल्याच दिवशी ओरडल्या, “अगं, सगळं एका बादलीत बुचकळू नका!” खरंच होतं. आम्ही कोकणातले शाफई. सुमारे 200 लिटरपेक्षा कमी साठलेल्या पाण्यात नजासत पडली, की रंग-वास बदलला नाही तरी ते पाणी नापाक. म्हणजे बाळाचं लंगोट बादलीत पडलं, की बादली गेली आणि तिच्यातले बाकीचे कपडेही. आधी घाण काढायची, मग कपड्यावर वरून पाणी ओतायचं. हनफी घरांत तीनदा धुऊन दर वेळी पिळतात. बटण दाबायच्या सवयीत आम्ही हे पार विसरलो होतो.

बाकीचं धुणं रात्री सोड्याच्या पाण्यात भिजवायचं. सकाळी त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खंगाळण्याआधी साबण घट्ट पिळून काढला, की पाणी निम्म्याने वाचतं. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्यालाच त्याची किंमत. रक्ताचा डाग थंड पाण्यातच धुवायचा, गरम पाण्याने तो पक्का होतो. चादरी मुलांनी टबात तुडवल्या, आणि भांडणं लावली ती नंबरावरून. वाळवायला जागा एकच, चुलीवरची दांडी. महिनाभर आमच्या ओढण्यांना धुराचा वास होता.

पाणी भाईजान ओढत, चादरीचं दुसरं टोकही तेच पिळत. रसूलुल्लाह (सल्ल.) स्वतःचे कपडे शिवत, घरकामाला हात लावत, ही हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आम्ही बयानात कितीदा तरी ऐकली होती. अंगणात पाहिली ती त्या दिवसांत.

वीज आली, पंप सुरू झाला आणि पोहरा पडवीत टांगला गेला. लंगोट मशीनमध्ये जायचे, पण आधी वेगळे धुऊनच. दादींची गोधडी मात्र मशीनमध्ये मावत नाही. ती पिळायला आम्ही अजून भाईजानना हाक मारतो. येतात, तिसऱ्या हाकेला.