वारा कापायचा की खड्डे?

आमच्या घरात सध्या सायकलीवरून रण पेटले आहे. चिरंजीवांना हवी आहे वारा कापणारी रोड बाइक. चपट्या नळ्यांची, जेमतेम २८ मिलिमीटर टायरची. माझे मत क्रॉसकंट्री माउंटन बाइकला. दोन इंचांहून रुंद टायर, पुढे सस्पेन्शन. डांबरावर ती सुस्त, हे कबूल. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पुण्याच्या गर्दीत ताशी पंधराने रखडताना चपट्या नळ्या वाचवणार ते काय? शिवाय वारा अडतो तो मुख्यतः स्वाराच्या अंगावर. कोपरे दुमडून वाकावे, पैसे पडत नाहीत! पावसाळ्यातला पाण्याने भरलेला खड्डा मात्र अरुंद चाकाला माफ करत नाही.

‘टॉम पिडकॉक दोन्ही चालवतो,’ इति चिरंजीव. खरे आहे. २०२१ आणि २०२४चे ऑलिंपिक सुवर्ण माउंटन बाइकवर, २०२२च्या ‘टूर द फ्रान्स’मधला आल्प द्युएझचा टप्पा रोड बाइकवर. पण त्याच्या सायकलींचे बिल त्याच्या वडिलांकडे जात नसावे.