केशरोपणानंतरचे सहा महिने : श्रेय कोणाचे, उत्तरदायित्व कोणाचे?

आपल्या व्यवसायात अलीकडे एका नव्या प्रकारच्या रुग्णाची भर पडली आहे. हा रुग्ण खालित्याची तक्रार घेऊन येत नाही. खालित्यावर केशरोपणाचे शस्त्रकर्म करून घेतल्यानंतर, रोपलेले केस गळू लागले म्हणून घाबरून तो येतो. पदरचे पैसे खर्च झालेले, घरच्यांचा विरोध पत्करलेला, आणि आरशात पाहावे तो पूर्वीचीच स्थिती. शल्यचिकित्सकाकडे जाण्याचा त्याला संकोच वाटतो किंवा तेथून मिळालेल्या उत्तराने त्याचे समाधान झालेले नसते. अशा वेळी त्याला वैद्य आठवतो. या रुग्णाशी आपण कसे वागतो, याविषयी काही विचार सर्व वैद्यबंधुभगिनींसमोर मांडावेत, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केशरोपणात नवीन केस निर्माण होत नाहीत. डोक्याच्या मागील व बाजूंच्या भागांतील केशमुळे काढून ती पुढील विरळ भागात बसविली जातात. स्थान बदलले तरी ही मुळे आपला मूळचा टिकाऊ स्वभाव सोडत नाहीत, हे ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखवून दिले आणि या शस्त्रकर्माचा पाया तेथे घातला गेला. खपल्या साधारणपणे सात ते दहा दिवसांत निघतात. त्यानंतर दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान रोपलेले बहुतेक केस गळून पडतात. मात्र गळतो तो केसाचा दांडा. मूळ आतच राहते आणि विश्रांत अवस्थेत जाते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, काहीसे वेडेवाकडे केस उगवू लागतात. सहाव्या महिन्यात फरक जाणवू लागतो. पूर्ण परिणाम दिसण्यास बारा महिने आणि टाळूच्या भागात कित्येकदा अठरा महिने लागतात.

भातशेती करणाऱ्या रुग्णास हे समजावणे सोपे जाते. तरवा उपटून खाचरात लावला की रोपे काही दिवस पिवळी पडतात, माना टाकतात. म्हणून कोणी ती उपटून फेकीत नाही. मुळे धरली की तीच रोपे तरारतात.

आता एक कबुली. सुमारे एका तपापूर्वी विवाह ठरलेला एक तरुण शस्त्रकर्मानंतर सहाव्या आठवड्यात आमच्याकडे आला. रोपलेले केस जवळजवळ सर्व गळालेले, मुलीकडच्यांना काय सांगावे या विवंचनेने झोप उडालेली. आम्ही त्यास सिद्ध तैल दिले, पोटात घेण्याची औषधे दिली, पथ्य सांगितले. चौथ्या महिन्यात केस दिसू लागले. तो पेढे घेऊन आला आणि आम्ही ते आनंदाने स्वीकारले. पुढे एका शल्यचिकित्सक स्नेह्यांनी आपल्या रुग्णांची महिनावार छायाचित्रे आम्हांस दाखविली. त्यांपैकी कित्येकांनी कोणतेही तैल लावले नव्हते. त्यांचेही केस नेमक्या त्याच सुमारास उगवले होते. निसर्गक्रमाने जे होणारच होते, त्याचे श्रेय आम्ही घेतले होते.

यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. त्या तरुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याचे एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचे टक्कल जुने, त्वचा गुळगुळीत, केशमुळांचा मागमूस नाही. आम्ही त्यांना आशा दाखविली. आठ महिने त्यांनी निष्ठेने औषध घेतले, दर महिन्यास प्रवास करून येत राहिले, आणि एकही केस उगवला नाही. शेवटच्या भेटीत ते एवढेच म्हणाले, “वैद्यराज, पहिल्याच दिवशी सांगितले असते तरी चालले असते.” या वाक्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते आणि आजही नाही. न मिळविलेले श्रेय घेतले की पुढे न पाळता येणारे वचन द्यावे लागते.

शास्त्राने आपल्याला हे सांगितलेले नाही, असेही नाही. रोमकूपांतील पित्त वातासह केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ ते रोमकूप अवरुद्ध करतो, म्हणून तेथे पुन्हा केस उगवत नाहीत, असे सुश्रुताचार्य निदानस्थानात स्पष्ट करतात. सन्निपातज खालित्यास वाग्भटाचार्य असाध्य म्हणतात. असाध्य व्याधीची चिकित्सा करणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश यांची हानी करून घेतो, हा चरकाचार्यांचा इशारा आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेला असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ अनुसूचीतही, ज्या विकारांबाबत औषधाने बरे करण्याचा दावा करू नये, त्यांत टकलाचा समावेश आहे. शास्त्र आणि कायदा दोन्ही एकच गोष्ट सांगत असता आपल्या चिकित्सालयांच्या फलकांवर मात्र वेगळे लिहिलेले असावे, हे भूषणावह नाही.

मग वैद्याने अशा रुग्णास विन्मुख पाठवावे काय? मुळीच नाही. पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म ही त्रिविध कर्माची कल्पना आपलीच आहे. व्रणिताच्या आहारविहारासाठी सुश्रुताने सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय दिला आहे आणि व्रणाच्या साठ उपक्रमांत रोमसंजननाचाही अंतर्भाव केला आहे. आमच्या मते आपले कार्य पुढीलप्रमाणे असावे.

शस्त्रकर्मापूर्वी रुग्ण घेत असलेल्या आपल्या सर्व औषधांची यादी त्याने शल्यचिकित्सकास दिली आहे ना, हे पाहावे. लसणाच्या कल्पांसारखी रक्तस्राव वाढवू शकणारी द्रव्ये वेळीच थांबवावीत. शस्त्रकर्मानंतर शल्यचिकित्सकाच्या अनुमतीखेरीज शिरोभ्यंग, लेप, शिरोधारा, स्वेदन यांपैकी काहीही करू नये. मुळे धरण्यापूर्वी केलेले मर्दन त्यांना उखडू शकते. डोके उंच ठेवून निजणे, ऊन, मद्य, धूम्रपान व अतिव्यायाम टाळणे, खपल्या न खाजविणे या सूचना रुग्णाकडून पाळून घ्याव्यात. मुगाचे यूष, दूध, तूप असा लघु व पोषक आहार, मलावष्टंभ होऊ न देणे, रात्री वेळेवर झोप एवढे जरी साधले तरी पुष्कळ झाले. कपाळावर सूज पहिल्या काही दिवसांत येते व ओसरते. बधिरता काही आठवडे वा महिने टिकू शकते. परंतु वाढती वेदना, पू, ज्वर किंवा त्वचा काळी पडणे यांपैकी काही दिसल्यास ‘पित्त वाढले’ असे म्हणून चूर्ण देऊ नये. त्याच दिवशी रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

याहून महत्त्वाचे कार्य आहे ते आश्वासनाचे, आणि आश्वासन म्हणजे खोटी आशा नव्हे. रोपणाने मिळणारी घनता तारुण्यातील घनतेइतकी नसते. मागील भागातील केशमुळांचा साठा मर्यादित असतो. न रोपलेले, मूळचे केस गळण्याची प्रक्रिया शस्त्रकर्माने थांबत नाही. या गोष्टी रुग्णाने शक्यतो शस्त्रकर्मापूर्वीच ऐकाव्यात. विवाहाच्या दोन महिने आधी केशरोपण करू इच्छिणाऱ्यास, लग्नाच्या छायाचित्रांत तुझे केस आजच्यापेक्षा विरळ दिसतील, असे सांगण्याचे धैर्य कोणीतरी दाखविले पाहिजे. कुटुंबवैद्याहून अधिक जवळचा कोण आहे?

जाता जाता एक विषय. केशरोपण सोपे व किफायतशीर म्हणून काही व्यावसायिक त्याकडे वळत आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली दिलेल्या सूचनांनुसार, केवळ चित्रफिती किंवा कार्यशाळेतील प्रात्यक्षिके पाहणे हे या शस्त्रकर्माचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. २०२५ साली कानपूर येथे केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचे मृत्यू झाल्याची प्रकरणे उजेडात आली, तेव्हा शस्त्रकर्म करणाऱ्याच्या पात्रतेविषयीच प्रश्न उपस्थित झाले. आपण या वाटेस जाऊ नये आणि रुग्ण पाठविण्याचे दामही घेऊ नयेत. ज्याच्याकडून दाम घेतले, त्याच्याविषयी रुग्णास खरे सांगता येत नाही.

आजही सहाव्या-सातव्या आठवड्यात तसाच घाबरलेला एखादा तरुण आमच्यासमोर येऊन बसतो. आम्ही त्यास तरव्याची गोष्ट सांगतो, पथ्य लिहून देतो आणि स्पष्ट बजावतो की, चौथ्या महिन्यात केस आले तर ते औषधाने आले असे समजू नकोस. काही जण थोडे निराश होऊन जातात. पेढे आता क्वचितच येतात. परंतु रात्री स्वस्थ झोप लागते, रुग्णासही आणि वैद्यासही.