एका गळ्याची वाटणी

कार्ल्याच्या डोंगरावर बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी दारात एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रात कोळी बांधव पालखीसह गात-नाचत पायऱ्या चढतात. लेणे पाहायला आणि बुद्धाला वंदन करायला येणारेही त्याच पायऱ्यांनी येतात. मावळातल्या कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत शाहीर विठ्ठल उमप यांच्यावरील आक्षेप ऐकताना आम्हांला हीच जागा आठवली.

आक्षेप असा : ज्याने भीमगीते गाऊन वस्त्या जाग्या केल्या, त्याने गोंधळ, भारूड आणि द्रौपदीचे ‘जांभूळ आख्यान’ का गावे? १९५६ साली नागपुरात जे सोडले, ते गाण्याच्या वाटेने परत घरात कशाला? आक्षेप पोकळ नाही. तो घेणाऱ्यांनी त्या त्यागाची किंमत मोजलेली आहे.

परंतु असा वाद जगात अन्यत्रही झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून गॉस्पेल गात वाढलेला सॅम कुक १९५७ साली प्रेमगीतांकडे वळला, तेव्हा प्रभूचा गळा बाजारात नेला म्हणून भाविक रागावले. पुढे ‘सोल’ म्हणून जे संगीत जगाने डोक्यावर घेतले, त्यातला श्वास मात्र चर्चमधलाच होता. अरेथा फ्रँकलिन तर कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७२ साली, चर्चमध्ये परतून गायली.

उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ ही देवपूजा नव्हेच. पाच पतींच्या द्रौपदीच्या मनात कर्ण डोकावतो आणि झाकलेले मन उघडे पडते. पोथीने राणीला जे बोलू दिले नाही, ते गावकुसाजवळच्या कलावंतांनी बोलू दिले. ही ठेव टाकून द्यावयाची, ती कोणाच्या हाती? १९३१ साली जन्मलेला हा शाहीर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवरच्या व्यासपीठावर कोसळला आणि गेला. त्याच्या निष्ठेची परीक्षा आता आणखी कोणी घ्यावी?

खरा अपराध आम्हा आयोजकांचाच आहे. लोणावळ्यापासून वडगावपर्यंत सभा कोणाचीही असो, पुढाऱ्याची मोटार घाट चढेपर्यंत शाहिराने गात राहायचे आणि ती दिसताच कडवे अर्ध्यावर तोडायचे, हा शिरस्ता पडला आहे. मानधनाचे नंतर बघू! येत्या जयंतीला शाहिराचा पूर्ण तास पत्रिकेत छापावा, त्याचे पैसे डफावर थाप पडण्यापूर्वी द्यावेत आणि पुढारी लवकर आलेच तर त्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे.